डिमेन्शियाच्या पेशंटची पॅलिएटिव्ह केअर म्हणजे नक्की काय करायचं असतं

पॅलिएटिव्ह केअर म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यासमोर कॅन्सरच येतो, आणि तोही शेवटच्या स्टेजचा, डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हटल्यानंतरचा. त्यामुळे घरात डिमेन्शिया झालेले आजोबा असले आणि कुणी सुचवलं की एकदा पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना दाखवा, तर घरचे दचकतातच. अहो ते चालतायत फिरतायत, दोन पोळ्या खातायत, बीपी शुगर नॉर्मल, नुसतं विसरतात, त्यांना कशाला ते?

तर आधी हे डोक्यातून काढून टाकू. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार पूर्ण बरा होणार नाही हे माहीत असताना त्या माणसाचा त्रास कमी करणं, मग तो अंगाचा असो, मनाचा असो की घरच्यांचा असो. त्यासाठी चालू असलेली औषधं बंद करावी लागत नाहीत, न्यूरोलॉजिस्ट सोडावा लागत नाही, दोन्ही बरोबरीने चालतं.

आता जी गोष्ट फार कमी डॉक्टर स्पष्ट शब्दात सांगतात ती. डिमेन्शियाने माणूस जातो. आपण समजतो की विसरणं म्हणजे म्हातारपण, आणि पुढे कधीतरी हार्टने वगैरे जातील. पण मेंदू एकेक खातं बंद करत जातो, आधी आठवण, मग भाषा, मग चालणं, लघवी-संडासवरचा ताबा, आणि सगळ्यात शेवटी गिळणं. अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या नर्सिंग होममधल्या अ‍ॅडव्हान्स्ड डिमेन्शियाच्या 323 पेशंटवर केलेला एक अभ्यास 2009 मध्ये आला होता, त्यात दीड वर्षात निम्म्याहून जास्त लोक गेले, आणि त्या काळात घडलं काय तर खाण्यागिळण्याचा त्रास (साधारण 86 टक्के), ताप (निम्म्याहून जास्त), न्यूमोनिया (41 टक्के). म्हणजे हार्ट अटॅक, कॅन्सर हे क्वचितच. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे, ज्या घरच्यांना हे पुढे काय होणार ते नीट समजलेलं होतं त्यांच्या माणसाच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत हॉस्पिटलच्या फेऱ्या, नळ्या, सलाईन हे सगळं खूप कमी आलं. कुठलंही औषध न बदलता, नुसतं माहिती असल्यामुळे.

आणि हा प्रश्न काही चार घरांचा नाही, भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये 7.4 टक्के म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. आपल्या सोसायटीत दोन-तीन घरं तरी असतीलच, बाहेर बोलत नाहीत एवढंच.

कॅन्सरमध्ये निदान एक रिपोर्ट येतो, की पसरलाय. इथे तसा काही दिवस उगवत नाही, सगळं इतकं हळू होतं की कधी ती रेषा ओलांडली कळतच नाही. डॉक्टर लोक फास्ट नावाची एक मोजपट्टी वापरतात, त्यातली सातवी पायरी शेवटची. दिवसभरात पाच-सहा शब्द, मग एखादाच शब्द, मग चालता येत नाही, मग आधाराशिवाय बसता येत नाही, मग हसू जातं, मग मान धरता येत नाही. आपलं माणूस सहाव्या पायरीवर असताना, म्हणजे कपडे घालायला, आंघोळीला मदत लागायला लागली की तेव्हाच पॅलिएटिव्हचा विचार सुरू करावा असं माझं मत, सातवीची वाट बघू नये. आणि काही गोष्टी तर निदान झाल्या झाल्या करायच्या असतात, त्या पुढे सांगते.

आता दुखणं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष याकडे होतं. डिमेन्शियाच्या माणसाला दुखत नाही असं नसतं, ते सांगता येत नाही, किंवा कुठे दुखतंय तेच कळत नाही. मग ते बाहेर कसं येतं? ओरडणं, मारणं, चावणं, कपडे ओढणं, जेवण थुंकणं, रात्रभर हाका मारणं. आणि आपण म्हणतो की बाबा हल्ली फार चिडचिडे झालेत, आजार वाढला, झोपेची गोळी वाढवून घेऊ.

माझ्या आत्याचं मी जवळून बघितलंय. सकाळी ब्यूरोच्या मावशी आंघोळ घालून ब्लाऊज चढवायला लागल्या की ती असा काही हात फिरवायची की मावशींच्या गालाला ओरखडे. बाकी दिवसभर गाय. दोन मावशी काम सोडून गेल्या. शेवटी घरी येणाऱ्या एका नर्सने आत्याचा डावा हात हळूच वर उचलून बघितला, खांद्याच्या जरा वर गेला की चेहरा पिळवटायचा, उजव्याला काही नाही. खांदा आखडला होता, रोज सकाळी आम्ही तो हात मागे ओढून बाहीत घालत होतो. मग पुढून उघडणारे गाऊन आणले, डावा हात आधी घालायचा, काढताना शेवटी, आणि आंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. ओरखडे थांबले. आजार तसाच होता, तो कुठे जाणार.

हे फक्त आमच्याच घरचं नाही. नॉर्वेमध्ये नर्सिंग होममधल्या 352 पेशंटवर एक ट्रायल झाली, 2011 मध्ये छापून आली, अस्वस्थ असणाऱ्या, आरडाओरडा करणाऱ्या डिमेन्शियाच्या पेशंटपैकी एका गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनेची औषधं दिली, आणि त्यांची अस्वस्थता साधारण 17 टक्क्यांनी कमी झाली. बहुतेकांना काय दिलं होतं तर साधं पॅरासिटामॉल! आणि आपल्याकडे काय होतं, की सरळ क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन अशा मानसिक आजाराच्या (अँटिसायकॉटिक) गोळ्या सुरू. त्या वाईटच असं मी म्हणत नाही, खूप भास होत असतील, मारामारी होत असेल तर लागतात, पण डिमेन्शियाच्या वयस्क पेशंटमध्ये या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, 2005 मध्येच दिलाय. म्हणून गोळी सुरू करताना विचारायचं की किती दिवस, आणि कधी कमी करून बघायची.

दुखतंय का हे बघायला पेनॅड नावाचा एक सोपा स्केल आहे, पाच गोष्टी बघायच्या: श्वास कसा चाललाय, तोंडातून कण्हण्याचा-रडण्याचा आवाज, चेहरा, अंगाची ठेवण (मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले), आणि जवळ घेतल्यावर, बोलल्यावर शांत होतात का. प्रत्येकाला शून्य ते दोन मार्क. आकडा महत्त्वाचा नाही, सवय महत्त्वाची, आणि बसलेलं असताना नाही तर हलवताना बघायचं, कुशीवर करताना, डायपर बदलताना, तेव्हा खरं कळतं. नुसता स्वभाव बदललेला दिसला की आधी एक फेरी मारून घ्यावी: संडास किती दिवसात झालेली नाही, लघवी तुंबलीय का, दात किडलाय का, कवळी टोचतेय का, पायाचं नख आत गेलंय का, माकडहाडापाशी कातडी लाल झालीय का. चार दिवस पोट साफ नसलेला माणूस, ज्याला ते सांगता येत नाही, तो ओरडणारच ना. आणि एका-दोन दिवसात एकदम बदल झाला, कालपर्यंत ओळखत होते आणि आज बरळतायत किंवा नुसते झोपूनच आहेत, तर 'डिमेन्शिया वाढला' म्हणून बसून राहू नका, डिमेन्शिया असा एका रात्रीत वाढत नाही, तो बहुतेक वेळा डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला मेंदूचा गोंधळ असतो, कारण लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, एखादी नवीन गोळी यातलं काहीतरी, आणि त्यातलं बरंच उतरवता येतं.

मग येतं खाणं. यावरून घराघरात जेवढी भांडणं होतात तेवढी इस्टेटीवरून पण होत नसतील. आपल्याकडे दारात आलेल्यालाही खाऊ घालतात आणि इथे आपली आई तोंड मिटून बसलीय. वजन उतरतंय, लांबून आलेली नणंद म्हणते वहिनी नीट भरवत नाहीत, आणि हॉस्पिटलमध्ये गेलं की नाकातून नळी, राईल्स ट्यूब, ती घालूनच घरी पाठवतात आणि वर मिक्सरमधून काढलेलं दोन-दोन तासांनी द्यायचं टाइमटेबल.

नळीबद्दल स्पष्ट सांगते. स्ट्रोक झालाय, काही आठवड्यांत गिळणं परत येईल अशी आशा आहे, तिथे नळी योग्य. पण अ‍ॅडव्हान्स्ड डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं, न्यूमोनिया टळतो, बेडसोअर (पडून राहून होणाऱ्या जखमा) भरतात असा पुरावा मिळालेला नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने 2014 मध्ये सरळ म्हटलंय की अशा पेशंटना नळी देऊ नये, हाताने काळजीपूर्वक भरवावं. कारण तोंडातली लाळ तर फुफ्फुसात जातच राहते, पोटातलं उलटून वर येतं, आणि पेशंट ती नळी ओढतो, मग हात बांधतात. ज्या माणसाला आपण कुठे आहोत हेही कळत नाही त्याचे हात पलंगाला बांधलेले बघणं, हे ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा. ज्यांनी नळी घातलीय त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, तेव्हा समोर जे सांगितलं गेलं त्यावर ठरवलं होतं, आणि डॉक्टरांशी बोलून ती काढताही येते.

हाताने भरवणं म्हणजे घाईने कोंबणं नव्हे. पाठीला उशा लावून पूर्ण ताठ बसवायचं, आडवं असताना घोटभर पाणीसुद्धा नाही. आपण त्यांच्या समोर, डोळ्याच्या पातळीला खुर्ची घेऊन, उभं राहून वरून भरवलं की मान मागे जाते आणि ठसका लागतो. टीव्ही बंद. छोटा चमचा, अर्धाच भरलेला, ओठाला लावायचा, तोंड उघडेपर्यंत थांबायचं. गिळलं का ते गळ्याकडे बघून कळतं, कंठ वर-खाली होतो. आत्या घास गालात धरून बसायची, अगदी पाच पाच मिनिटं, तेव्हा रिकामा चमचा परत ओठाला लावला की तिला आठवायचं आणि गिळायची, ही युक्ती बऱ्याच जणांना लागू पडते. पाणी सगळ्यात अवघड, ते सटकन जातं, म्हणून दाटसर द्यायचं, मेडिकलमध्ये थिकनर पावडर मिळते. मऊ भात-वरण, नाचणीची दाट आंबील, मुगाचं कढण, दही. बोलताना आवाज घरघर ओला आला की थांबायचं. जेवल्यावर अर्धा तास तरी बसवूनच ठेवायचं. आणि नको म्हटलं तर नको, तासाभराने परत.

आणि हो, पथ्य! ऐंशी-पंच्याऐंशीच्या, शेवटच्या टप्प्यातल्या माणसाची शुगर जरा वर गेली म्हणून आमरस बंद, हे मला कधी समजलेलं नाही. या स्टेजला शुगर एकदम खाली जाणं जास्त धोक्याचं असतं. गोड चव बहुतेकांना शेवटपर्यंत आवडते, द्या की दोन चमचे बासुंदी. औषधांची पिशवी पण एकदा डॉक्टरांसमोर ओतावी, कोलेस्टेरॉलची गोळी आता कशासाठी, डोनेपेझिल या डिमेन्शियाच्या गोळीचा उपयोग होतोय का की नुसती भूक मारतेय, हे विचारावं. स्वतःच्या मनाने मात्र एकदम बंद करू नका, काही गोळ्या हळूहळू कमी कराव्या लागतात.

एक वेळ अशी येते की काहीही केलं तरी माणूस खात नाही. तेव्हा समजून घ्यायचं की न खाल्ल्यामुळे तो चाललेला नाही, तो चाललाय म्हणून त्याला खायला नको झालंय. हे वाचायला सोपं आहे, नणंदेला सांगायला नाही, मला माहितीये, म्हणून हे वाक्य डॉक्टरांकडूनच सगळ्या भावंडांसमोर एकदा बोलून घ्यावं.

आता ताप आणि हॉस्पिटल. रात्री दोनला धाप लागते, अँब्युलन्स, कॅज्युअल्टी, आणि तिथला ड्युटीवरचा पोरगेला डॉक्टर विचारतो, 'व्हेंटिलेटर लावायचा का, सही करा.' त्या वेळी कुणाच्याही तोंडून 'हो' च येतं. म्हणून हे आधी, दिवसाउजेडी, चहा पीत ठरवायचं. प्रश्न असे विचारायचे: या ट्रीटमेंटनंतर ते निदान होते तसे तरी होतील का? आयसीयूत आपण जवळ बसू शकतो का? घरीच तोंडाने अँटिबायोटिक, तापाची गोळी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर एवढ्यावर किती आराम मिळेल? प्रत्येक वेळी हॉस्पिटल टाळा असंही नाही बरं का. खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन बऱ्याचदा करावंच लागतं, चालण्यासाठी नसलं तरी दुखणं थांबावं म्हणून, नाहीतर दर वेळी कूस बदलताना माणूस किंचाळतो. पहिल्या-दुसऱ्या न्यूमोनियाला ट्रीटमेंट आणि चौथ्याला घरीच आराम, असंही ठरवता येतं. दर वेळी नव्याने विचार करायचा.

आणि हे ठरवताना खरा मालक कोण, तर पेशंट, पण तो तर आता बोलू शकत नाही. म्हणून मघाशी म्हटलं तसं, निदान झाल्या झाल्या, कळतंय, बोलता येतंय तोवर विचारून घ्या. आई, तुला नळी चालेल का? बाबा, दीक्षित काकांना आयसीयूत ठेवलं होतं ते तुम्हाला कसं वाटलं होतं? असं दुसऱ्याच्या निमित्ताने विचारलं की आपल्याकडची माणसं मोकळं बोलतात. नुसतं बोलून न ठेवता कागदावर आणता आलं तर उत्तम. सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला लिव्हिंग विलला (शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा कागद) मान्यता दिली, पण त्याची पद्धत इतकी किचकट होती की कुणी करेना, मग जानेवारी 2023 मध्ये ती सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरची सही, आपल्या वतीने कोण बोलणार त्यांची नावं (एकापेक्षा जास्त लिहिता येतात), आणि हॉस्पिटलमध्ये ते अंमलात आणायला डॉक्टरांची दोन मंडळं, दोघांनीही शक्यतो 48 तासात मत द्यायचं. मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी 2024 मध्ये स्वतःचं लिव्हिंग विल केलं, गोव्यातलं ते पहिलं. डिमेन्शिया सुरुवातीचा असेल आणि माणसाला आपण काय लिहितोय ते कळत असेल तर करता येतं, फक्त त्याच दिवशीचं डॉक्टरांचं 'समज शाबूत आहे' असं सर्टिफिकेट जोडून ठेवा, पुढे वाद नको.

पैशाचंही तेव्हाच बघा. बऱ्याच लोकांना वाटतं पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेवली की झालं, पण आपल्या कायद्यात देणाऱ्याची समज गेली की साधी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीही संपते. जॉइंट अकाउंट, नॉमिनी, मृत्युपत्र, हे आधी. नंतर पालक नेमून घ्यायला हायकोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

मदत कुठे मिळते? खरं सांगायचं तर डिमेन्शियासाठी कमीच. मुंबईत बांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 चं, देशातलं पहिलं हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना सांभाळणारं ठिकाण), पुण्यात वारज्याचं सिप्लाचं सेंटर 1997 पासून, पण ही मुख्यतः कॅन्सरसाठी उभी राहिलेली. मुंबईत पॅलकेअरसारखी घरी येणारी टीम आहे, डिमेन्शियाचा पेशंट घेता का हे फोनवर आधीच विचारावं. केरळमध्ये 1993 ला कालिकतमधून काम सुरू झालं, 2008 मध्ये राज्याचं धोरणच आलं, आणि तिथे पंचायतीची नर्स घरोघर जाते, आपल्याकडे ते अजून स्वप्नच आहे. पण तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही, चांगला फॅमिली डॉक्टर, आठवड्यातून एकदा येणारी नर्स आणि फोन उचलणारा पॅलिएटिव्हचा डॉक्टर एवढ्यावर घरी खूप काही होतं. ज्येष्ठांची 14567 ही हेल्पलाइन आहे, आणि सांभाळणाऱ्याचंच डोकं फिरायची वेळ आली तर मानसिक आरोग्याची टेली मानस हेल्पलाइन 14416.

ते सांभाळणारं माणूस बहुतेक घरात एकच असतं आणि बहुतेक वेळा बाईच असते, बायको किंवा सून. तिची कंबर, तिची झोप, तिचं बीपी हेही याच केअरमध्ये येतं. बाकीच्या भावंडांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'काळजी घे' पाठवण्यापेक्षा महिन्यातून चार दिवस येऊन राहावं, किंवा रात्रीच्या ब्यूरोचे पैसे द्यावेत. आणि माणूस जिवंत असताना त्याच्यासाठी रडू येणं, 'आता सुटावी बिचारी' असं मनात येणं, हे अगदी सगळ्यांना होतं.

शेवटचे दिवस कसे असतात ते आधी माहीत असलं की धावपळ होत नाही. झोप वाढते, गिळणं थांबतं, हातपाय गार, श्वास मध्येच थांबून परत सुरू, घशात घरघर. ती घरघर आपल्याला जास्त छळते, पेशंटला बहुधा नाही, कुशीवर वळवलं की कमी होते. ओल्या कापसाने तोंड ओलं ठेवायचं, ओठाला तूप. धाप फार असेल तर थोडं मॉर्फिन उपयोगी पडतं, अमली पदार्थांच्या कायद्यातल्या 2014 च्या बदलानंतर ते मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय, पण आयत्या वेळी नाही मिळत, डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा.

आणि एक व्यवहाराचं, जे कुणी सांगत नाही. घरीच मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट डॉक्टरांनाच द्यायचं असतं, फॉर्म 4ए वर, त्याशिवाय स्मशानात आणि पालिकेत अडतं. पेशंटला कधी न बघितलेला डॉक्टर रात्री तीनला येऊन सही करत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून जो डॉक्टर सही करणार आहे त्याने शेवटच्या काही आठवड्यांत पेशंटला घरी येऊन बघितलेलं असावं, निदानाचे कागद आणि आधार कार्डची झेरॉक्स एका फाईलमध्ये, आणि ती फाईल कुठल्या कपाटात आहे हे घरातल्या दोन जणांना तरी माहीत असावं.